दळवी मास्तरांचा विडा

दळवी आडनावाच्या माणसाचा शेजार मला आयुष्यात एकदाच घडला, आणि तो माणूस बेडकाला भीत असे. पावसाळ्यात शाळेच्या पायरीवर बेडूक बसलेला दिसला, की दळवी मास्तर अंगणातच थबकायचे. बेडकाला हुसकवावं म्हणून छत्री मिटायचे, पण ती पुढं करायचा धीर व्हायचा नाही. मग पायरीवर बेडूक निवांत आणि अंगणात हातात मिटलेली छत्री घेऊन मास्तर चिंब, असा देखावा बराच वेळ चालायचा. शेवटी मी आतून येऊन बेडूक हलवायचा आणि मास्तरांनी “ओसरला वाटतं पाऊस,” असं म्हणत आत यायचं. पाऊस धो धो कोसळत असायचा.

इतिहासात दळवी पुष्कळ होऊन गेले. कुणी गड घेतले, कुणी राखले, कुणी ह्या बाजूनं लढले तर कुणी त्या बाजूनं. नाटक-कादंबऱ्यांतून तर त्यांना तोटाच नाही. पहिल्या अंकात एखादा दळवी मुजरा करत आला नाही, तर लिहिणाऱ्याला पुढचं सुचत नसावं. एवढ्या दळव्यांनी तलवारी गाजवून झाल्यावर आडनावात जे काही उरलं, ते आमच्या मास्तरांच्या वाट्याला आलं असणार. त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, ह्यावर एकच वाक्य ठरलेलं होतं: “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.”

हे सगळं गडदवाडीचं. पासलीच्या पुढं डोंगरात, एका पडक्या गडाच्या पायथ्याला ही वाडी. खाचरात भात, माळावर नाचणी, आणि वर धनगरांची चार घरं. बोर्डाची शाळा दोन मास्तरांची. एक मी, भोरचा. संस्थानात वाढलेल्या माणसाला डोंगरात टाकलं म्हणून सदा कुरकुरणारा. दुसरे दळवी मास्तर, घाटाखालचे, महाडच्या बाजूचे. माझ्यानंतर दोन महिन्यांनी ते आले. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल पुढं, मागं वहिनी, वहिनींच्या कडेवर सदा नावाचा मुलगा, आणि सगळ्यांच्या मागं पायाखाली काठी आपटत मास्तर. आपटण्याचं कारण साप. मला म्हणाले, “आवाज केला की तो बिचारा वाटेतून निघून जातो. त्यालाही आपलं काम असतं.”

ते आले ते नेमके भैरोबाच्या यात्रेच्या तोंडावर. तिथंच सगळा घोळ झाला.

गडदवाडीच्या यात्रेत दुपारी देवळापुढं गडाचा खेळ होतो. गावातलीच माणसं सोंगं घेतात. गडाला वेढा पडलेला आहे, राजा माणसं बोलावतो, ताटात विडा ठेवतो आणि विचारतो, “दार कोण राखील?” इथं खेळ थांबतो. कारण हा विडा सोंगाड्यानं उचलायचा नसतो. गावाची अशी समजूत की, गडाचं दार राखताना एक दळवी पडला, त्याच्याबरोबर त्याचा वंश बुडाला, आणि तो विडा उचलायचा हक्क फक्त दळव्यांच्या रक्ताला. तेव्हा डफ बंद करून ते ताट बसलेल्या माणसांपुढून फिरवायचं. कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना खाली घालायच्या. मग ताट तसंच नेऊन भैरोबापुढं ठेवायचं आणि खेळ पुढं चालू करायचा. कोणत्या काळापासून हे चाललं होतं, कुणालाच सांगता येत नव्हतं. तो दळवी कुठल्या बखरीत सापडतो, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं, तर तात्या पाटील म्हणाले, “बखरीत नसंल. हितं हाय.”

मास्तरांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सकाळी पाटलांकडं पुरणपोळीचं जेवण झालेलं. पाहुणे म्हणून पुढं बसवलेलं. डफ थांबले, ताट फिरत फिरत त्यांच्यासमोर आलं. त्यांना वाटलं, काय अगत्याची माणसं ही, जेवणानंतर पान आठवणीनं आणलं! त्यांनी विडा उचलला, तोंडात घातला, आणि ताट धरणाऱ्याला हळूच म्हणाले, “सुपारी अंमळ जाड आहे, पण छान.”

खाली घातलेल्या सगळ्या माना एकदम वर आल्या. मग तात्या पाटलांनी कापऱ्या आवाजात विचारलं, “पावनं, आडनाव काय म्हनायचं तुमचं?”

“दळवी,” तोंडातलं पान सावरत मास्तर म्हणाले.

त्यानंतर जे डफ वाजले, तसे मी पुन्हा कधी ऐकले नाहीत. बायका ओवाळायला धावल्या, म्हातारी माणसं ढसाढसा रडायला लागली. मास्तर प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि मला विचारत होते, “अहो भोरकर, नव्या मास्तरांचं एवढं करतात इथं?” माझ्या वेळी कुणी चहासुद्धा दिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी त्यांना उलगडा झाला. तसेच उठून ते पाटलांकडं गेले आणि हात जोडून म्हणाले, “तात्या, गैरसमज झाला. आम्ही त्यांतले नव्हे. आमचे आजोबा खोताच्या आंब्यांची राखण करीत.”

तात्यांनी शेजारी बसलेल्यांकडं पाहून मान हलवली. “बगा. राखनच.”

पुढची सगळी वर्षं हे असंच चाललं. मास्तर नाही म्हणायचे आणि त्यांच्या नाही म्हणण्यानं गावाची खात्री वाढायची. गावाचा हिशेब सरळ होता. खोटा असता तर मिरवला असता. खरा आहे म्हणूनच लपवतो. त्यांचा आवाज बारीक, तर थोरामोठ्यांचं बोलणं हळूच असतं. रस्त्यात कुत्रं आलं की मास्तर बांधावर चढायचे, तर मुक्या जिवाला वाट देतात. एवढा मोठा गाव एका माणसाचं ऐकून घ्यायला तयार नाही, ह्याचा मला संताप यायचा. मास्तर मात्र कधी चिडले नाहीत. “सावकाश कळेल त्यांना,” म्हणायचे.

एका हिवाळ्यात बिबट्या वरच्या धनगरांच्या वाघरात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, शिरला. मेंढरं ओरडत होती. माणसं काठ्या, पलिते घेऊन निघाली आणि वाटेत मास्तरांच्या दारात थांबली. दळवी पुढं असल्याशिवाय कसं जायचं? मास्तर उपरणं कानाला गुंडाळून, कंदील घेऊन बाहेर आले. उंबरठा ओलांडून ते एकदा आत परत वळलेही. पण चाळीस माणसं दारात उभी असताना नाही म्हणायलाही एक प्रकारचं धैर्य लागतं, आणि तेही त्यांच्याकडं नव्हतं. ते पुढं, गाव मागं, असे सगळे चढून गेले. पोचेपर्यंत बिबट्या एक मेंढरू घेऊन केव्हाच निघून गेला होता. “दळव्यांचा वास लागला अन् पळाला,” धनगरांचा म्हातारा म्हणाला. परत आल्यावर वहिनींनी गरम पाणी पुढं ठेवलं आणि मला म्हणाल्या, “भावजी, पळाला कसला! ह्यांना बघून हसत गेला असेल.”

आम्ही तिघं हसलो. सदा हसला नाही. तेव्हा तो असेल दहा-अकरा वर्षांचा. तो बापाकडं एकटक बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मास्तरांचं हसू मावळलं.

त्या दिवसापासून मास्तरांना पोराची काळजी लागली. गावानं काय वाटेल ते मानावं, पण पोरानं मानू नये, एवढीच त्यांची धडपड. रोज संध्याकाळी त्याला बसवून सांगायचे, “हे बघ सदा, आपण साधी माणसं. आपल्यात कुणी तलवार धरलेली नाही. कोयता धरलाय, तोही नारळापुरता.” सदा ऐकून घ्यायचा आणि बाहेर जाऊन धनगरांच्या बिरूबरोबर लाकडाच्या तलवारी खेळायचा. बिरू त्याचा जिवलग. दोघे एका ताटात जेवायचे. त्या काळी वाडीत त्यावरून कुजबुजही झाली, पण दळव्याच्या पोराला कोण बोलणार?

शेवटी एका मे महिन्यात मास्तर त्याला मढे घाटानं खाली आपल्या मूळ गावी घेऊन गेले. हा त्यांचा रामबाण उपाय होता. पोराला आजोबांची झोपडी दाखवायची, खोताची बाग दाखवायची, भाऊबंदांना भेटवायचं. डोळ्यांनी पाहिल्यावर आपोआप भूत उतरेल. आठ दिवसांनी परत आले तेव्हा मास्तरांचा चेहरा पडलेला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“पाहिलं त्यानं सगळं,” मास्तर म्हणाले. “आणि येताना घाटात मला म्हणतो, बाबा, आता कळलं. गड पडल्यावर जे वाचले, ते असे लपून राहिले.”

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. समोरचा माणूस रडकुंडीला आला होता.

“अहो भोरकर, मी काय करू? खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. मी खरं सांगतोय हो!”

मी त्यांना भोरला बदली मागा, असं सांगितलं. त्यांनी अर्ज केले. डोंगरात यायला दुसरा मास्तर तयार नव्हता, त्यामुळं बदली झाली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं ते आडनाव त्यांच्या मागं लागलं होतं, आणि आता पोराच्याही.

सदा मोठा झाला तो बापापेक्षा वीतभर उंच आणि छातीनं दुप्पट. यात्रेच्या खेळात दळव्याचं सोंग दुसऱ्या कुणी घ्यायचा प्रश्नच नव्हता. तोपर्यंत दुसरं महायुद्ध सुरू होऊन बराच काळ लोटला होता. रॉकेल मिळेनासं झालं, कापड महागलं, आणि खेड्याखेड्यांतून पलटणीसाठी पोरं गोळा करणारी माणसं फिरायला लागली. त्यातला एक, पलटणीतून सुटलेला सुभेदार, नेमका यात्रेच्या दिवशी गडदवाडीत आला. छातीवर बिल्ले, मिशीला पीळ. वाडीतून एकही पोरगं तयार नव्हतं. भाताची लावणी कोण करणार, असं प्रत्येक आई विचारत होती, आणि त्या आयांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

सुभेदार हुशार. त्यानं गावाची सगळी कथा काढून घेतली आणि तात्या पाटलांच्या कानाशी लागला. मास्तरांनी विडा खाल्ला त्या वर्षापासून ताट फिरवायचं बंद झालं होतं. उचलणारा मिळाला, आता फिरवायचं कशाला? त्या वर्षी ताट पुन्हा निघालं.

खेळ थांबला. डफ बंद झाले. ताट कुणाहीपुढं न फिरता सरळ सोंग घेतलेल्या सदापुढं आलं. सुभेदार उठून उभा राहिला. “दार राखायला कोन हाय का ह्या गावात?” त्यानं विचारलं. हे खेळातलं वाक्य नव्हतं.

सदानं हात पुढं केला.

आणि माझ्या शेजारून दळवी मास्तर उठले. ते इतक्या घाईनं उठले की त्यांची टोपी खाली पडली. माणसांच्या अंगावरून, मांड्यांवरून पाय देत ते मध्ये गेले आणि ताटावर दोन्ही हात पालथे ठेवले.

“हा विडा माझा आहे!” त्यांचा आवाज चिरकला. “तो मी उचललाय. एकदा उचललाय. पुन्हा कुणी उचलायचा नाही. मला न्या!”

त्या भित्र्या माणसानं आयुष्यात एवढ्या लोकांपुढं आवाज चढवला तो एकदाच. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं ह्यांनी. आता कळेल गावाला की, बाप पोरासाठी आड येतोय.

गावाला भलतंच कळलं. पिकल्या केसांचा दळवी लढाईला निघालाय! एकच गजर उठला. चार जणांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. ते वरून हात हलवत ओरडत होते, “अहो, आम्ही ते नव्हे! अहो, आंबे राखायचे आमचे आजोबा!” पण डफांपुढं कोण ऐकतो? सुभेदार हसत म्हणाला, “मास्तर, तुमचं वय झालं. पोराला द्या.” सदानं ताटातला विडा उचलला आणि बापाच्या लोंबत्या पायांवर डोकं ठेवलं. ते पाहून बिरू पुढं आला. बिरूच्या मागून आणखी पोरं. म्हाताऱ्यानं असं केल्यावर तरुण कसे मागं राहणार? सकाळी ज्या वाडीत एकही तयार नव्हतं, तिथून संध्याकाळी सात पोरं निघाली. मास्तरांनी थांबवायला जावं आणि त्यांच्याच हातून दार सताड उघडं व्हावं, ह्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

पोरांना पोचवायला आम्ही कामथडीजवळच्या सडकेपर्यंत गेलो. पुण्याची मोटार तिथं लागायची. मास्तर वाटभर सदाला ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर छत्री धरून चालत होते. पोरगं वीतभर उंच, त्यामुळं हात सारखा वर. सदा म्हणायचा, “बाबा, राहू द्या हो, लोक बघतायत.” मोटार आली, पोरं चढली, धुरळा उडाला. मास्तर सडकेच्या मधोमध छत्री तशीच उंच धरून उभे राहिले, तेव्हा मी त्यांना बाजूला ओढलं.

सदा गेल्याची तार पुढच्या पावसाळ्यात आली. कुठल्या तरी परमुलखातल्या डोंगरात. वहिनी मोठ्यानं रडल्या नाहीत. नवऱ्यासमोर बसून एवढंच म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही तो विडा थुंकून टाकायला हवा होता.” मास्तरांनी मान डोलावली. त्यानंतर त्या घरात नवरा-बायकोत फारसं बोलणं उरलं नाही. गाव मात्र आणखी जवळ आला. मास्तर दिसले की बसलेली माणसं उठून उभी राहायची. मास्तर आता नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते.

लढाई संपली आणि बिरू परत आला. डाव्या हाताची बोटं गेलेली, कान मंद झालेला. मलाही तेव्हाच भोरला बदलीचा हुकूम आला होता. ज्या दिवशी मी निघणार होतो, त्याच सकाळी बिरू चावडीवर आल्याचं कळलं. माझं सामान घेऊन गडी नसरापूरकडं पुढं गेला होता. मी म्हटलं, ऐकून जाऊ.

सगळी वाडी जमली होती. मास्तर खांबाला टेकून खाली बसलेले. तात्या पाटील आता फार थकले होते, पण त्यांनीच विचारलं, “बिरू, सांग बाबा. दळव्यानं कसं केलं?”

बिरूनं सांगितलं. टेकडीखाली जखमी माणसं अडकली होती. वरून गोळ्या येत होत्या. सायबानं विचारलं, कोण जाईल? “सदा म्होरं झाला. म्हनला, आमच्या घरान्यात माघारी ऱ्हात न्हाईत. दोगांना आनलं त्यानं वडत. तिसऱ्याला आनाय गेला.” चावडीवर बायकांचे हुंदके ऐकू आले. तात्या पाटलांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “शेवटी रगतच ते,” कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी घसा खाकरला. तोच बारीक आवाज.

“बिरू, त्या दिवशी जेवला होता का रे तो?”

कुणालाच कळेना, हा काय प्रश्न! बिरूला मंद ऐकू येत होतं, म्हणून मास्तरांनी पुढं सरकून पुन्हा विचारलं. “जेवला होता का?”

बिरूनं मान खाली घातली.

“न्हाई, गुर्जी. चपात्या नुकत्याच आल्या व्हत्या. आमा दोगांचं येकाच डब्यात घेतलं व्हतं. म्हनला, तू थांब, आल्यावर खाऊ.” मास्तरांकडं न बघता तो पुढं सांगू लागला. “लई येळ थांबलो म्या, गुर्जी. दुसरा दिस उजाडला. लई भूक लागली व्हती. म्या खाल्लं. त्याच्या वाटनीचं बी म्या खाल्लं.”

आणि एवढा लढाई करून आलेला माणूस लहान पोरासारखा गळा काढून रडायला लागला.

मास्तर गुडघ्यांवर रांगत त्याच्याजवळ गेले. “बरं केलंस,” ते म्हणाले. “बरं केलंस, बाबा. बरं केलंस.”

मला उशीर होत होता. मी कुणाचा निरोप न घेता उठलो. वळणावर जाऊन मागं पाहिलं, तर गाव उठून आपापल्या कामाला लागला होता, चावडी रिकामी झाली होती, आणि दळवी मास्तर अजून बिरूच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.